मत दोघांनाही दिलं, मग नळाला पाणी का नाही? अमळनेर तालुक्यातल्या एका थेट सरपंचाचं प्रकरण

पंतप्रधान किंवा राष्ट्रपती लोकांनी थेट निवडावा की निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी, हा वाद मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना तीस वर्षं मुलांमध्ये लावून दिला. दरवर्षी वर्ग थेटच्या बाजूने जायचा. मीही त्याच बाजूचा होतो. माझं मत बदललं ते पुस्तकामुळे नाही, आमच्या गावच्या ग्रामपंचायतीमुळे. तेच प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, कारण सगळे रोज एकमेकांच्या समोर येतात.

गाव अमळनेर तालुक्यातलं, तापीच्या अलीकडच्या पट्ट्यातलं. कापूस, ज्वारी, थोडा मका. बोली अहिराणी. तीन वॉर्ड, नऊ सदस्य. पूर्वी हे नऊ सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडायचे. जुलै २०१७ मध्ये राज्य सरकारने कायदा बदलला आणि सरपंच थेट मतदारांनी निवडायचा झाला. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते रद्द केलं, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा आणलं. आमच्या गावची पाळी २०१२, २०१७ आणि २०२२ अशी आली. म्हणजे पहिला सरपंच सदस्यांनी निवडलेला, पुढचे दोन थेट. त्याच विहिरी, तेच वॉर्ड, तीच भाऊबंदकी, फक्त निवडण्याची रीत बदललेली. अशी तुलना पुस्तकात सापडत नाही.

आधी २०१२.

दोन पॅनेल समोरासमोर होते. निकाल लागला चार, चार आणि एक अपक्ष. त्या रात्रीच दोन गाड्या गावाबाहेर पडल्या. एकीत चार सदस्य, दुसरीत चार. अपक्ष कोणत्या गाडीत बसला हे सकाळी कळलं. आमच्याकडे याला ‘सहल’ म्हणतात. शिर्डी झालं, ओंकारेश्वर झालं, मग कुठल्या तरी शेतातल्या बंगल्यावर मुक्काम. फोन बंद. त्या वर्षी महिलांना निम्म्या जागा होत्या, त्यामुळे सहलीत बायकाही होत्या. माझ्या गल्लीतली एक सून पहिल्यांदा निवडून आली होती. तिला नवऱ्यासकट उचलून नेलं, दोन वर्षांचा पोरगा आजीपाशी ठेवून. सरपंच निवडीच्या दिवशी सकाळी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागली. ती उतरली तेव्हा हातात प्रसादाची पिशवी होती आणि ओटीवर बसलेला पोरगा तिच्याकडे जायला तयार नव्हता. तिने हात वर केला, सभा दहा मिनिटांत संपली, मग ती पोराला घेऊन घरी गेली. पाच वर्षांत त्या सभागृहात तिने तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

पाच विरुद्ध चार असा सरपंच झाला. अडीच-अडीच वर्षांचा करार होता, पण अडीच वर्षं झाली तरी राजीनामा आला नाही. अपक्ष फिरला, मग परत फिरला. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, त्यामुळे पक्षांतरबंदीचा धाकही नाही. एका माणसाच्या मर्जीवर अख्खं गाव टांगलेलं. जून २०२२ मध्ये आमदार सूरतला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा राज्याने जे टीव्हीवर पाहिलं ते आम्ही दहा वर्षं आधी दारात पाहिलं होतं.

म्हणून २०१७ चा कायदा आला तेव्हा मी खूश झालो. सहल संपणार होती, आणि खरोखर संपली. हे श्रेय थेट निवडणुकीला दिलंच पाहिजे. पुढे मी कितीही हरकती घेतल्या तरी त्या सुनेच्या पोराचा चेहरा मी विसरलेलो नाही. मधल्या निवडणाऱ्यांची संख्या जितकी कमी तितकं त्यांना गाडीत भरणं सोपं. नऊ माणसं एका गाडीत मावतात, दोन हजार मतदार मावत नाहीत.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मतदान झालं. प्रत्येक मतदाराने आपल्या वॉर्डातल्या जागांसाठी मतं दिली आणि वेगळ्या रंगाच्या मतपत्रिकेवरच्या नावांतून सरपंचाला एक. सरपंचपदाला तीन उमेदवार होते. त्यातले एक, सगळे ज्यांना आप्पा म्हणतात ते. घरची जेमतेम शेती, पण रात्री-बेरात्री कुणाच्या छातीत दुखलं, कुणाची बाई अडली, तर आप्पांची जीप दारात उभी. अमळनेर, नाहीतर धुळे. डिझेलचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. गावाने आप्पांना सरपंच केलं. आणि त्याच गावाने, त्याच दिवशी, नऊपैकी सहा सदस्य आप्पांच्या विरोधातल्या पॅनेलचे निवडून दिले.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, आम्हाला वाटलं नाही. वॉर्डात माणूस भाऊबंदकी बघतो. समोर चुलतभाऊ उभा असतो, मेहुणा उभा असतो, मत त्याच्या घरात जातं. सरपंचाला मात्र तो माणूस बघून मत देतो. दोन्ही मतं प्रामाणिक, दोन्ही एकाच बोटाची. आणखी एक गोष्ट मोजणीच्या दिवशी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. तिरंगी लढत असल्यामुळे आप्पांना पडलेली मतं निम्म्याहून कमी होती. ‘लोकांनी थेट निवडलेला’ हा शब्द आपण जसा उच्चारतो, तसा तो नेहमी बहुमताने निवडलेला असतोच असं नाही. उलट राष्ट्रपतीच्या अप्रत्यक्ष निवडणुकीत पसंतीक्रम असतो आणि जिंकायला निम्म्याच्या वर जावंच लागतं. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढी मतं मिळाली नाहीत, दुसरी पसंती मोजावी लागली, आणि व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे नीलम संजीव रेड्डींच्या पुढे गेले.

तर आप्पा खुर्चीत आणि समोर सहा विरोधात, तीन बाजूने. उपसरपंच सदस्यांनीच निवडायचा असतो, तो विरोधी पॅनेलचा झाला. पहिल्या मासिक सभेपासून एकच वाक्य इतिवृत्तात येऊ लागलं: सहा सदस्यांचा विरोध, ठराव नामंजूर. गटारीचा ठराव, नामंजूर. दलित वस्तीतल्या पेव्हर ब्लॉकचा, नामंजूर. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येत होता. खात्यावर येऊन पडला आणि पडूनच राहिला. सहा सदस्यांना विचारलं तर ते म्हणत, आम्हालाही लोकांनीच निवडून दिलंय, आम्ही काय मान डोलवायला बसलोय? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आप्पांना विचारलं तर ते म्हणत, मला अख्ख्या गावाने दिलंय, यांना एकेका वॉर्डाने. तेही खोटं नव्हतं. एका छपराखाली दोन कौल नांदत होते आणि दोघांपैकी मोठा कोण हे सांगणारं तिसरं कुणी नव्हतं.

एप्रिल २०१८ मध्ये नदीपात्रातल्या विहिरीवरची पाणबुडी मोटर जळाली.

ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण हा सगळा वाद माझ्यापुरता त्या विहिरीवर सुटला. मोटर जळाली म्हणजे टाकी रिकामी आणि टाकी रिकामी म्हणजे नळ कोरडे. आप्पांनी मोटर काढून जीपमध्ये घालून अमळनेरला रिवाइंडिंगला नेली. ठरावाची वाट बघितली नाही. एप्रिलच्या उन्हात कोण बघेल? बिल झालं तेव्हा ग्रामसेवकाने चेकवर सही करायला नकार दिला. सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागते, आणि मंजुरीशिवाय सही केली तर उद्या वसुली त्याच्या पगारातून. ग्रामसेवक चुकला असं मी म्हणणार नाही. मासिक सभेत बिल ठेवलं. सहा जणांनी विचारलं, दर कुणी ठरवला? दुसऱ्या दुकानाचं कोटेशन कुठे? रिवाइंडिंगवाला आप्पांच्या नात्यातला आहे, खरं की नाही? नात्यातला होता, लांबच्या. नामंजूर. दुकानदार म्हणाला, रोख द्या आणि मोटर न्या.

अकरा दिवस नळ आले नाहीत. एका शेतकऱ्याने बोअर मोकळं सोडलं. पहाटे चारपासून हंड्यांची रांग लागायची, ती आमच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंत. माझी बायको गुडघ्याची, तिला मी जाऊ देत नव्हतो, मी स्वतः दोन कळश्या घेऊन उभा राहायचो. रांगेत पुढे आप्पांची सून, मागे उपसरपंचाची आई. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

१ मे रोजी शाळेच्या पटांगणात निंबाखाली ग्रामसभा झाली. एरवी महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला कोरम भरवायला शिपाई घरोघरी फिरतो. त्या दिवशी बायका स्वतःहून आल्या, रिकामे हंडे घेऊन. आधी आप्पा बोलले, मग उपसरपंच बोलला, मग दोघं एकदम बोलू लागले. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. वय ऐंशीच्या घरात, नाकात जुनी नथ, कंबरेवर हंडा तसाच. तिने आप्पांकडे बोट केलं, मग सहा जणांकडे. ‘मत त्यालेबी दिधं, तुमलेबी दिधं. मंग नळले पानी काबरं नही?’

पटांगणात कुणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

तिथून पुढे जे झालं ते कायद्याच्या कलमाने झालं नाही. कलमाप्रमाणे खर्चाला मंजुरी मासिक सभेचीच. पण दोनशे माणसांसमोर, रिकाम्या हंड्यांसमोर, सहा जणांना ‘मोटर नको’ म्हणता येईना. त्यांनी एक अट घातली, दर महिन्याचा जमाखर्च पारावर वाचून दाखवायचा. आप्पांनी ती तिथल्या तिथे मान्य केली. दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली आणि बिल मंजूर झालं. संध्याकाळी मोटर विहिरीत उतरली. पारावरचं वाचन काही महिने नीट चाललं, मग विसरलं गेलं, मग पुन्हा सुरू झालं.

विरोध संपला असं समजू नका. थेट सरपंचावर निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. ती संपताच, २०१९ च्या शेवटी, सहा जणांनी तहसीलदारांकडे नोटीस दिली. जुन्या पद्धतीत नवातले सहा म्हणजे दोन तृतीयांश झाले असते आणि सरपंच घरी गेला असता. थेट सरपंचाला मात्र तीन चतुर्थांश लागतात, आणि वर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने लोकांचं शिक्कामोर्तबही. सहाच्या पुढे एकही हात वर गेला नाही. ठराव ग्रामसभेपर्यंत पोचलाच नाही. म्हणजे ज्याला काम करता येत नाही तो सरपंच खुर्चीतच, आणि ज्यांना त्याला काढता येत नाही ते सदस्यही खुर्चीतच. पाच वर्षं.

इथे मला १७ एप्रिल १९९९ आठवतो. लोकसभेत अटलबिहारी वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. त्या रात्री अनेकांना ते क्रूर वाटलं, मलाही वाटलं होतं. पण ज्या सभागृहाने पंतप्रधान दिला त्या सभागृहाला तो परत घेता येतो, एका मताने, एका दिवसात. देश तीन वर्षं जळालेल्या मोटरीसारखा पडून राहत नाही. सरकार पडलं, लोकांकडे गेले, लोकांनी पुन्हा निवडून दिलं. निवडणाऱ्याच्या हातात काढण्याचीही दोरी असणं, हे अप्रत्यक्ष निवडीचं सगळ्यात मोठं बळ आहे, आणि थेट निवडीच्या बाजूने बोलताना मी ते कधी मोजलंच नव्हतं.

पंतप्रधान थेट निवडा असं म्हणणाऱ्यांनी इस्रायलकडे बघावं. त्यांनी तो प्रयोग करून पाहिला. १९९६, १९९९ आणि २००१ या तीन वेळा तिथल्या मतदाराने पंतप्रधानाला वेगळं, थेट मत दिलं. पहिल्याच खेपेला बेंजामिन नेतान्याहू तीस हजारांहून कमी मतांनी जिंकले, आणि १२० जागांच्या संसदेत सर्वांत मोठा पक्ष ठरला समोरचा मजूर पक्ष, ३४ जागांचा. नेतान्याहूंच्या यादीला ३२. मतदाराकडे दोन मतं आल्यावर त्याने एक नेत्याला दिलं आणि दुसरं आपल्या जवळच्या छोट्या पक्षाला. आमच्या वॉर्डातल्या मेहुण्यासारखंच. छोटे पक्ष फुगले, पंतप्रधान पांगळा झाला. २००१ मध्ये त्यांनी तो कायदा मागे घेतला आणि २००३ ची निवडणूक जुन्या पद्धतीने झाली. कारण सांगताना तिकडचे अभ्यासक जे बोलतात ते आमच्या गावातला कुणीही शेवभाजीच्या ताटावर बोलून दाखवेल.

अमेरिकेचं उदाहरण उलट बाजूने देतात, आणि ते द्यायलाच हवं. तिथे लोकांच्या मतावरून राज्यवार ठरलेले ५३८ निवडक, म्हणजे मधले मतदार, राष्ट्राध्यक्ष निवडतात; त्यांतले २७० मिळाले की राष्ट्राध्यक्ष. २००० आणि २०१६ मध्ये लोकांची जास्त मतं मिळवणारा उमेदवार हरला. २०१६ ला फरक सुमारे २९ लाखांचा होता. ही अप्रत्यक्ष निवडीची वाईट जात आहे, कारण तिथले निवडक नंतर कुणाला जाब विचारत नाहीत. एकदा मत टाकलं की ते घरी. ज्या मधल्या माणसाला फक्त निवडता येतं, चालवता येत नाही आणि काढताही येत नाही, तो मधला माणूस कशाला हवा? माझा आक्षेप थेट मताला नाही, तसा पाठिंबाही प्रत्येक अप्रत्यक्ष मताला नाही.

राष्ट्रपतींचं काय? हा प्रश्न खान्देशात विचारला की २००७ आठवतंच. प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्याच्या. १९६२ मध्ये जळगावातून आमदार झाल्या, पुढे एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना चार वेळा विधानसभेवर पाठवलं. २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या तेव्हा जळगावात फटाके वाजले. पण एदलाबादच्या मतदाराला त्या निवडणुकीत मत नव्हतं. मत होतं आमदार-खासदारांना. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८. हिशोब १९७१ च्या जनगणनेचा: राज्याची तेव्हाची ५ कोटी ४ लाखांची लोकसंख्या, भागिले २८८ आमदार, भागिले हजार. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याची मतं पडली, भैरोंसिंह शेखावतांना ३,३१,३०६. शिवसेना तेव्हा दुसऱ्या आघाडीत होती, तरी तिने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही आणि मतदान गुप्त असतं, त्यामुळे असं मोकळं मत देता येतं.

माझे विद्यार्थी म्हणायचे, सर, आपल्या जिल्ह्याची बाई राष्ट्रपती होणार आणि आपल्यालाच मत नाही, हा कुठला न्याय? त्याचं उत्तर घटना समितीत आहे. जुलै १९४७ मध्ये नेहरूंनी राष्ट्रपतीच्या अप्रत्यक्ष निवडीच्या कलमाची बाजू मांडताना सांगितलं की सत्ता मंत्रिमंडळात आणि संसदेत असावी, राष्ट्रपतीत नाही, असा आपला आराखडा आहे. अख्ख्या देशाचा थेट कौल घेऊन आलेल्या माणसाला खरे अधिकार द्यायचे नाहीत, हे विसंगत ठरेल. के. टी. शाह यांनी थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही. शाळेत शिकवताना मला नेहरूंचा युक्तिवाद कोरडा वाटायचा. मोटर जळाल्यावर तो कळला. आप्पांकडे अख्ख्या गावाचा कौल होता आणि सहीचा अधिकार अर्धाच होता. कौल मोठा आणि हात बांधलेले, ही अवस्था माणसाला चिडवते. देशाच्या राष्ट्रपतीला त्या अवस्थेत बसवलं आणि तो चिडला, तर त्याच्या हाताखाली सैन्य आहे.

खान्देशाचा या वादाशी अजून एक जुना धागा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, मंडप आणि सजावट नंदलाल बोस यांची, राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी. तिथे मागणी झाली की देशाची घटना प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीनेच करावी. दहा वर्षांनी घटना समिती आली, पण प्रौढ मतदानाने नाही. प्रांतिक विधिमंडळांच्या आमदारांनी ती निवडली, आणि ती विधिमंडळंही मर्यादित मताधिकारावर निवडलेली. फैजपूरची मागणी जशीच्या तशी पुरी झाली नाही. तरी त्याच अप्रत्यक्ष समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बंगालच्या विधिमंडळातून निवडून आले. आणि त्याच समितीने फैजपूरच्या मंडपात मागितलेला प्रौढ मताधिकार प्रत्येक स्त्री-पुरुषाला दिला. थेट निवडून आलेलीच माणसं लोकांची बाजू घेतात, ही समजूत त्या समितीने खोटी ठरवली आहे.

मग गावात थेट सरपंच नको का? इथे माझं मत गावकऱ्यांपेक्षा वेगळं आहे आणि शहरातल्या मित्रांपेक्षाही. गावाला थेट सरपंच चालेल. सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात गेलं तरी सरपंच थेट, नवापूरपलीकडे गुजरातेत गेलं तरी थेट. गाव चालवायला जे लागतं ते गावाकडे आहे: निंबाखालचं पटांगण. आमची कोंडी तहसीलदाराने फोडली नाही, अविश्वासाने फोडली नाही, ती म्हातारीच्या हंड्याने फोडली. ज्याने मत दिलं तो मतदार सरपंचाच्या आणि सदस्यांच्या समोर, एकाच अंगणात, उभा राहून विचारू शकला. एकशे चाळीस कोटींच्या देशाला असं पटांगण नाही. देशाचं पटांगण म्हणजे संसद. पंतप्रधानाला तिथे उभं राहून उत्तर द्यावं लागतं, कारण तो तिच्यामुळे आहे. त्याला तिच्यापासून तोडून थेट लोकांचा केला, तर लोकांना त्याला विचारायला पाच वर्षांत एकच दिवस उरेल.

घटनेनेही गाव आणि वरचे स्तर यांत फरक ठेवला आहे. कलम २४३-सी मध्ये गावच्या प्रमुखाची निवड कशी करायची ते राज्यावर सोपवलं आहे, पण पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांनी, सदस्यांमधूनच निवडायचा. माझा राग आहे तो दर तीन वर्षांनी कायदा उलटवणाऱ्यांवर. २०१७ ला थेट, २०२० ला नको, २०२२ ला पुन्हा हवं. यात गावाचा अनुभव कुणी विचारला? आमच्याकडे तरी कुणी आलं नाही. निवडण्याची रीत ही शेताच्या बांधासारखी असते, पेरणीच्या सोयीने दरवर्षी सरकवायची नसते.

सहलीवरही इलाज आहे, आणि त्यासाठी अप्रत्यक्ष निवड मोडायची गरज नाही. सदस्यांचं मत उघड असावं आणि ते लोकांसमोर दिलेलं असावं. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांना २००३ पासून उघड मत द्यावं लागतं, आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून. सरपंचाची निवड बंद खोलीत व्हायची त्याऐवजी त्याच पटांगणात झाली असती, तर त्या सुनेने कुणाकडे बघून हात वर केला असता, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक झाली. सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. आप्पांच्या पॅनेलने त्यांच्या सुनेला उभं केलं. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात शेतात भरीत-पुरीची पंगत होती. त्या पंगतीत मी पहिल्यांदा ऐकलं, बायका एकमेकींना सांगत होत्या: आवंदा तुकडे करू नका, सरपंच ज्याचा, सदस्यही त्याचेच. फ्रान्समध्ये १९८६ पासून अनेकदा राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा आणि संसद दुसऱ्या बाजूची अशी पाळी आली. शेवटी २००० मध्ये सार्वमत घेऊन राष्ट्राध्यक्षाची मुदत सातावरून पाच वर्षांवर आणली आणि दोन्ही निवडणुका लागोपाठ होऊ लागल्या. आमच्या गावाने कायदा न बदलता तेच केलं. आप्पांची सून सरपंच झाली आणि नऊपैकी आठ सदस्य तिचेच आले.

आता ठराव अडत नाहीत. गटारी झाल्या, दुसरी मोटर राखीव घेऊन ठेवली. पारावरचं जमाखर्च वाचन मात्र बंद पडलं, कारण ते मागणारे सहा जण उरले नाहीत. उरली एक. तिसऱ्या वॉर्डातली पंचविशीतली मुलगी, माझीच विद्यार्थिनी. गेल्या महिन्यात ती ग्रामपंचायतीचा वर्षाचा हिशेब घेऊन माझ्या ओट्यावर आली. कागद रीतसर अर्ज करून मिळवलेले, कडा दुमडलेल्या. ‘सर, इथे पाणीपुरवठ्याच्या नावाखाली दोन रकमा आहेत,’ ती म्हणाली, ‘यातली दुसरी कशाची, हे ग्रामसभेत कसं विचारू?’ आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. प्रश्न तिने स्वतःच्या हाताने लिहिला, तीन ओळींचा. ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे.